ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला एकट्याने जाताना: काय आधी, काय नंतर

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला एकट्याने जाणारे बहुतेक जण कुटुंबांसाठी आखलेलं वेळापत्रक उचलतात आणि त्यातली मुलं तेवढी वगळतात. गडबड तिथेच होते. त्या वेळापत्रकात एक जण रांगेत उभा असताना दुसरा खायला आणतो, कुणीतरी बॅगा सांभाळतं आणि लहान मूल कुरकुरायला लागलं की सगळेच जरा टेकतात. एकट्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. त्याला जे मिळतं ते मात्र या वेळापत्रकात धरलेलंच नसतं: राइडमधली उरलेली एक जागा, बारसमोरची रिकामी खुर्ची, उभ्या उभ्या बेत बदलायची मोकळीक.

त्यामुळे एकट्याचं नियोजन वेगळं असायला हवं. रांगेतली मिनिटं वाचवण्याआधी अंगातली ताकद आणि फोनची बॅटरी कशी टिकेल ते बघा. सोबत कुणी नसल्यामुळे ‘आता पुरे, चला बसू’ असं म्हणणारंही कुणी नसतं. खालचा क्रम हेच डोळ्यांसमोर ठेवून लावला आहे. जमेल तेवढा तो बदलू नका, कारण पुढची बरीच कामं आधीच्या कामांवर अवलंबून आहेत.

टप्पा १: जुनी माहिती आधी काढून टाका

इंटरनेटवर, आणि आधी जाऊन आलेल्या ओळखीच्यांकडेही, जुने नियम अजून फिरत असतात. सुरुवातीला एवढं पक्कं करून घ्या.

विमानतळावरून डिस्नेच्या हॉटेलांपर्यंत फुकट नेणारी ‘मॅजिकल एक्स्प्रेस’ बस २०२२ च्या सुरुवातीलाच बंद झाली. आता टॅक्सी, अॅपवरची कॅब किंवा पैसे भरून मिळणारी शटल, यांतलं काहीतरी निवडावं लागतं. लांब रांग टाळू देणारा ‘फास्टपास’ राहिलेला नाही. त्याच्यानंतर आलेलं ‘जीनी प्लस’ही जुलै २०२४ मध्ये गेलं आणि त्याच्या जागी ‘लायटनिंग लेन’चे, म्हणजे पैसे भरून मिळणाऱ्या जलद रांगेचे, मल्टी पास (अनेक राइडसाठी) आणि सिंगल पास (एकाच राइडसाठी) आले. तारखेचं साधं तिकीट असेल तर पार्कचं वेगळं आरक्षण करण्याची अट जानेवारी २०२४ पासून उठली आहे. एका दिवसात एकाहून जास्त पार्क बघू देणाऱ्या पार्क हॉपर तिकिटावर दुपारी दोनपर्यंत थांबायचं बंधनही त्याच वेळी गेलं.

तपासा: ज्या लेखाच्या किंवा व्हिडिओच्या भरवशावर बेत आखताय, त्यात फास्टपास, जीनी किंवा मॅजिकल एक्स्प्रेस हे शब्द आले तर तो बाजूला ठेवा.

टप्पा २: तारखा आणि दिवस

इथे मुख्य पार्क चार आहेत: मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि अॅनिमल किंगडम (१९९८). चारही एकमेकांपासून लांब आहेत. मधली वाहतूक आणि चालणं धरून एका दिवसाला एक पार्क हा हिशोब ठीक बसतो. माझं मत विचाराल तर पार्कचे चार दिवस आणि मध्ये तिकिटाशिवायचा एक दिवस. हा मधला दिवस बरेच जण ‘एवढे पैसे खर्च करून आलोय’ म्हणून खाऊन टाकतात आणि चौथ्या दिवशी दुपारीच हॉटेलवर परततात. त्यापेक्षा तो आधीच ठरवून मोकळा ठेवलेला बरा.

तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो. एका दिवसाचं तिकीट साधारण सव्वाशे ते दोनशे डॉलरच्या घरात जातं आणि दिवस वाढवले की दर दिवसाचा खर्च कमी होतो. एकट्याने पहिल्यांदा जात असाल तर पार्क हॉपर घेऊ नका. दुसऱ्या पार्कला जाण्यात तास-दीड तास सहज जातो आणि त्या वेळात पहिल्याच पार्कमधल्या दोन-तीन निवांत गोष्टी बघून होतात. अपवाद एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या जोडीचा. त्यांच्यामध्ये स्कायलायनरच्या केबल कार चालतात, पायवाटही आहे.

महिना निवडताना गर्दीबरोबर हवाही बघा. नाताळ ते नववर्ष, मार्चमधली शाळांची सुट्टी आणि नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा आठवडा टाळा. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात गर्दी आणि दर दोन्ही खाली येतात, पण उकाडा प्रचंड असतो आणि दुपारी वीज-वादळ ठरलेलं. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मोजतात. जानेवारीत सुरुवातीची मॅरेथॉनची धामधूम उरकली की पुढचे दिवस एकट्याला फिरायला मला सगळ्यात सोयीचे वाटतात.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हॅलोविनच्या आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नाताळच्या काही रात्री मॅजिक किंगडममध्ये वेगळ्या तिकिटाची पार्टी असते. त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं. ज्याला आतषबाजी बघायचीच आहे त्याने ती तारीख टाळावी. ज्याला फक्त राइड हव्यात त्याने मुद्दाम तीच तारीख धरावी, कारण दिवसभर गर्दी कमी असते.

टप्पा ३: हॉटेल निवडताना भाड्याबरोबर वाहतूक बघा

खोलीचं भाडं एक माणूस राहिला काय आणि दोघं राहिले काय, सारखंच असतं. म्हणजे एकट्याला पूर्ण खोलीचा भार उचलावा लागतो. म्हणून लोक सगळ्यात स्वस्त खोली शोधतात आणि तिथून पार्कला जायला फक्त बस आहे हे नंतर लक्षात येतं. दिवसभर चालून पाय भरून आलेले असताना रात्री बसच्या रांगेत ताटकळणं एकट्याला फार जड जातं.

स्वस्त गटातलं ‘पॉप सेंच्युरी’ मला एकट्यासाठी योग्य वाटतं. तिथून स्कायलायनर एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजच्या दिशेने जाते, मध्ये कॅरिबियन बीचच्या स्थानकावर फक्त केबल कार बदलायची. हातात जास्त पैसे असतील आणि मॅजिक किंगडम हेच मुख्य आकर्षण असेल तर मोनोरेलवरच्या तीन हॉटेलांचा विचार करा: कंटेम्पररी, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन. कंटेम्पररीहून मॅजिक किंगडमला चालत जाता येतं.

डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्याला रोज चारही पार्कमध्ये इतरांच्या अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. आल्या दिवशी आणि जायच्या दिवशीही मिळतो. लायटनिंग लेनची नोंदणीही त्याला लवकर करता येते. बाहेरच्या स्वस्त हॉटेलशी तुलना करताना त्या भाड्यात रोजच्या कॅबचे किंवा गाडीच्या पार्किंगचे पैसे मिळवा आणि मग बघा. फरक वाटतो तेवढा उरत नाही.

सावधान: वीज किंवा जोराचा वारा असेल तर स्कायलायनर थांबवतात. अशा वेळी बस असतेच, पण हे माहीत नसलं तर माणूस स्थानकावर उगाच तिष्ठत बसतो.

टप्पा ४: नोंदणीच्या तीन तारखा कॅलेंडरमध्ये लिहा

सगळ्यात आधी हॉटेल आणि तिकीट घ्या. दोन्ही ‘माय डिस्ने एक्स्पिरियन्स’ अॅपमध्ये एकाच खात्याला जोडलेली दिसली पाहिजेत. ही जोडणी राहून गेली की पुढे नोंदणीच्या दिवशी अडचण येते.

मग ६० दिवस आधीची तारीख. त्या दिवशी सकाळी सहा वाजता, तिथल्या वेळेप्रमाणे, टेबलावर बसून जेवायच्या जागांची नोंदणी उघडते. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ६० दिवस आधी पूर्ण मुक्कामाची, जास्तीत जास्त दहा दिवसांची, नोंदणी एकदम करता येते.

त्यानंतर सात दिवस आधीची तारीख. हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या सात दिवस आधी सकाळी सातला लायटनिंग लेन घेता येते. बाहेर राहणाऱ्यांना पार्कच्या दिवसाच्या तीन दिवस आधी. भारतातून नोंदणी करत असाल तर तिथले सकाळचे सात म्हणजे उन्हाळी वेळ चालू असताना आपल्याकडचे दुपारचे साडेचार, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत साडेपाच. या एका तासाच्या फरकात अनेकांचे हवे ते पास निसटतात.

एकट्याने रोज मल्टी पास घ्यावा का? माझं उत्तर नाही. मॅजिक किंगडममध्ये घ्या, कारण तिथे राइड भरपूर आहेत आणि एकेकट्यासाठी वेगळी रांग एकाही राइडला नाही. हॉलिवूड स्टुडिओजला गर्दीचा दिवस असेल तर घ्या. अॅनिमल किंगडमला सकाळी वेळेवर पोहोचलात तर गरज पडत नाही. एखादी राइड चुकवायचीच नसेल, उदाहरणार्थ अॅनिमल किंगडमची फ्लाइट ऑफ पॅसेज किंवा हॉलिवूड स्टुडिओजची राइज ऑफ द रेझिस्टन्स, तर तेवढ्याच राइडचा सिंगल पास घेणं परवडतं. कुटुंबाला तो चार-पाच जणांसाठी घ्यावा लागतो. तुम्हाला एकच लागतो.

तपासा: दिवसभराच्या सगळ्या वेळा नोंदणीने भरल्या का? भरल्या असतील तर एक रद्द करा. एकट्याच्या दिवसात दुपारी बारा ते चार हा वेळ मोकळा असलाच पाहिजे. कारण टप्पा ९ मध्ये येईल.

टप्पा ५: बॅग आणि फोन

कुटुंबांसाठीच्या लेखांत हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो. एकट्याचे दिवस बिघडतात ते मात्र बहुतेक इथेच.

बॅग धरायला कुणी नाही, म्हणून बॅग अशी हवी जी राइडमध्ये तुमच्याबरोबर बसेल. पाठीवरची मोठी सॅक नको. खांद्यावरून तिरकी घालायची, चेन असलेली छोटी बॅग घ्या, जी बसल्यावर दोन पायांच्या मध्ये किंवा मांडीवर मावेल. तिचा पट्टा पायाभोवती एक वेढा देऊन ठेवायची सवय लावा. मॅजिक किंगडमच्या ट्रॉन राइडला बॅग आत नेता येत नाही. तिथे रांगेतच फुकट लॉकर आहेत, ते तिकिटाने किंवा मॅजिकबँडने, म्हणजे तिकिटाचं काम करणाऱ्या डिस्नेच्या मनगटी पट्ट्याने, उघडतात. कुठल्या लॉकरमध्ये ठेवलं तो क्रमांक लक्षात ठेवा. टोपी आणि चष्मा राइड सुरू होण्याआधी बॅगेत टाका.

बॅगेत असावं: पाण्याची रिकामी बाटली, पातळ रेनकोट, पायाला लावायच्या पट्ट्या, जास्तीचे मोजे, थोडा कोरडा खाऊ, ओळखपत्राची प्रत, आणि हॉटेलचं नाव व घरच्या माणसाचा क्रमांक लिहिलेला कागद. खाऊ आत न्यायला हरकत नाही, फक्त तो गरम करावा लागेल असा नको आणि काचेच्या बरणीत नको. दारू आणता येत नाही. सेल्फी स्टिकला मनाई आहे, ती सुरक्षा तपासणीतच अडते.

पायात नवे बूट नकोत. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं इथे काहीच वाटत नाही. बुटांचे दोन जोड न्या आणि रोज आलटून पालटून घाला. एक जोड पावसात भिजला तरी दुसऱ्या दिवशी पाय कोरडे राहतात.

आता फोन. तिकीट, रांगांच्या वेळा, जेवणाची ऑर्डर, लायटनिंग लेन, नकाशा, खोलीची किल्ली, सगळं त्याच फोनमध्ये. कुटुंबात एकाचा फोन बंद पडला तर दुसऱ्याचा असतो. म्हणून पॉवर बँक दोन वेळा चार्ज होईल एवढी घ्या आणि तिची वायर रोज सकाळी तपासा. मॅजिकबँड किंवा प्लास्टिकचं तिकीट कार्डही जवळ ठेवा, म्हणजे फोन मेला तरी गेटमधून आणि लायटनिंग लेनमधून जाता येतं. रांगेत उभं राहून व्हिडिओ बघणं हे बॅटरी संपण्याचं सगळ्यात मोठं कारण. त्याऐवजी छोटं पुस्तक ठेवा.

फोटोची काळजी सोडा. प्रसिद्ध जागी डिस्नेचे फोटोग्राफर उभे असतात. त्यांना आपला फोन देऊन विनंती केली की ते त्यावरही फोटो काढून देतात, त्याचे पैसे पडत नाहीत.

टप्पा ६: सकाळ

पार्क नऊला उघडणार असेल तर डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना साडेआठला राइड खुल्या होतात. म्हणजे तुम्ही गेटवर पावणेआठच्या सुमारास हवं. यात सगळ्यात जास्त होणारी चूक अशी की लोक साडेआठला खोलीतून निघतात.

मॅजिक किंगडममध्ये या अर्ध्या तासात फँटसीलँड आणि टुमॉरोलँड हे दोनच भाग खुले असतात. आधी सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन किंवा ट्रॉन करा, मग लगेच स्पेस माउंटन. अॅनिमल किंगडममध्ये आधी फ्लाइट ऑफ पॅसेज, मग थेट किलिमांजारो सफारी. सफारी सकाळीच करा, कारण ऊन तापलं की प्राणी सावलीत जाऊन पडतात. ट्रकमध्ये एकट्याला बहुतेक वेळा कडेची जागा मिळते. मिळाली नाही तर चढवणाऱ्या कर्मचाऱ्याला शांतपणे विचारा.

एपकॉटची गोष्ट वेगळी. तिथला वर्ल्ड शोकेस, म्हणजे तळ्याभोवतालची अकरा देशांची दालनं, साधारणपणे अकरा वाजता उघडतो. सकाळी पुढच्या भागातल्या राइड आटोपा आणि तळ्याची फेरी दुपारनंतर सुरू करा.

सावधान: फ्लाइट ऑफ पॅसेज, एपकॉटची कॉस्मिक रिवाइंड आणि मिशन: स्पेस या राइडमध्ये अनेकांना मळमळतं. तिन्हींच्या आधी भरपेट खाऊ नका आणि एका मागोमाग करू नका. चक्कर आली तर धरायला सोबत कुणी नाही, हे लक्षात ठेवून पहिल्यांदा करताना जवळचा बाक आधी हेरून ठेवा.

टप्पा ७: सिंगल रायडरची रांग, आणि तिचा योग्य क्रम

एकेकट्या माणसासाठी काही राइडना वेगळी रांग असते. राइडमधल्या रिकाम्या राहिलेल्या एकेका जागेवर त्या रांगेतली माणसं बसवतात. अॅनिमल किंगडममध्ये एक्स्पिडिशन एव्हरेस्ट, हॉलिवूड स्टुडिओजमध्ये मिलेनियम फाल्कन: स्मगलर्स रन आणि एपकॉटमध्ये टेस्ट ट्रॅक या त्यातल्या महत्त्वाच्या. साध्या रांगेला तासभर लागत असेल तेव्हा इथे बऱ्याचदा त्याच्या निम्म्याहून कमी वेळ लागतो.

पण सगळीकडे ती पहिल्यांदाच धरू नका. आनंदपूर या काल्पनिक राज्यातल्या हिमालयी गावातून एव्हरेस्टकडे जाणारी साधी रांग यतीच्या संग्रहालयातून जाते. भिंतीवरचे पावलांचे ठसे, कात्रणं, प्रार्थनेच्या घंटा, सगळं त्या रांगेत आहे आणि सिंगल रायडरच्या वाटेने ते बहुतेक सगळं चुकतं. फाल्कनमध्येही राइडच्या आधीचा नाट्यप्रसंग आणि यानाच्या आतली खोली निसटते. वर कॉकपिटमधल्या सहा जागांपैकी बहुतेक वेळा इंजिनियरची, म्हणजे मागची, जागा वाट्याला येते. पुढे बसून यान चालवायचं असेल तर साधी रांगच धरावी लागते.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिली फेरी सकाळी लवकर, साध्या रांगेतून. दुसरी आणि तिसरी दुपारनंतर, सिंगल रायडरमधून. एव्हरेस्टला तिसरी फेरी संध्याकाळच्या उजेडात मिळाली तर जरूर घ्या. वरून दिसणारं पार्क सकाळच्यापेक्षा अगदी वेगळं दिसतं.

जिथे वेगळी रांग नाही तिथेही एकट्याचा फायदा होतो, फक्त तो मागावा लागतो. गाडीत बसवायच्या ठिकाणी कर्मचारी प्रत्येकाला ‘हाउ मेनी?’ विचारतो. तुम्ही लांबूनच एक बोट वर करून दाखवा. तीन जणांचं कुटुंब चारच्या ओळीत बसत असेल तर तो हाताने तुम्हाला पुढे बोलावतो आणि ओळीचा क्रमांक सांगतो. फोनमध्ये मान घालून उभं राहिलं की ही जागा मागच्या माणसाला जाते.

तपासा: रांगेत शिरण्याआधी स्वच्छतागृह आणि पाणी. एकदा आत गेल्यावर जागा धरून ठेवायला कुणी नसतं. खरंच बाहेर पडावं लागलं तर गुपचूप दोरीखालून निघू नका, जवळच्या कर्मचाऱ्याला सांगून विचारा.

टप्पा ८: जेवण

एकट्याने टेबलावर बसून जेवायचं अवघडल्यासारखं वाटतं म्हणून कित्येक जण पूर्ण मुक्काम बर्गर-फ्राइजवर काढतात. तसं करू नका. रोज एक जेवण तरी खुर्चीवर बसून, थंड हवेत आणि निवांत व्हायला हवं.

नोंदणीत एका माणसासाठी जागा दिसत नसेल तर दोन वाटा आहेत. एक, त्याच दिवशी अॅपमधून ‘वॉक-अप’ यादीत, म्हणजे नोंदणी नसलेल्यांच्या यादीत, नाव टाकणं. दुसरी, बार किंवा लाउंजमध्ये बसणं. अॅनिमल किंगडममधलं नोमॅड लाउंज यासाठी उत्तम. विल्डरनेस लॉजचं गायझर पॉइंट तळ्याकाठी आहे. अॅनिमल किंगडम लॉजच्या किडानी व्हिलेजमधलं ‘सना’ तर मी प्रत्येकाला सुचवते. तिथे आफ्रिकी आणि भारतीय धाटणीचं जेवण मिळतं. नान-रोट्यांचे तुकडे आणि वाट्यांमधल्या चटण्यांचा ‘ब्रेड सर्व्हिस’ हा प्रकार शाकाहारी माणसालाही चालतो. दिवसाउजेडी गेलात तर खिडकीबाहेर झेब्रा चरताना दिसतात. हे हॉटेलात असल्यामुळे पार्कचं तिकीट लागत नाही.

काउंटरवरच्या जेवणासाठी अॅपमधून ऑर्डर द्या. सकाळीच बाराच्या आसपासची वेळ निवडून ठेवली की गर्दीच्या वेळी ताटकळावं लागत नाही. ऑर्डर हातात आल्यावर टेबल शोधा. आधी टेबलावर बॅग ठेवून ऑर्डर आणायला जाऊ नका. काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, बाटलीबंद पाण्याला पैसे घालवू नका.

नोंदणी केलेलं जेवण नको झालं तर निदान दोन तास आधी रद्द करा, नाहीतर बऱ्याच ठिकाणी माणशी दहा डॉलरपर्यंत दंड कापतात. टेबलावर वाढलेल्या जेवणाला १८ ते २० टक्के टिप धरूनच हिशोब मांडा.

टप्पा ९: दुपार म्हणजे परतायची वेळ

एक वाजेपर्यंत पाच तास चालून झालेलं असतं. ऊन डोक्यावर, रांगा सगळ्यात लांब, आणि जून ते सप्टेंबर असेल तर तीनच्या सुमाराला आभाळ भरून येतं. वीज चमकली की उघड्यावरच्या राइड थांबतात आणि सगळी गर्दी छताखाली धावते. या वेळेत पार्कमध्ये तग धरून राहणं म्हणजे कमी मिळवण्यासाठी जास्त दमणं.

हॉटेल जवळ असेल तर परत जा. बूट काढा, आंघोळ करा, तासभर आडवे व्हा, फोन आणि पॉवर बँक चार्जिंगला लावा. पाचला परत या. तिकीट त्या दिवसासाठी असतं, त्याच पार्कमध्ये पुन्हा शिरता येतं. हॉटेल लांब असेल तर थंड हवेतली, बसून बघायची ठिकाणं या वेळेसाठी राखून ठेवा. मॅजिक किंगडममध्ये कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस आणि हॉल ऑफ प्रेसिडेंट्स, एपकॉटमध्ये लिव्हिंग विथ द लँड आणि द सीजमधलं मोठं मत्स्यालय. मत्स्यालयाच्या काचेसमोर अर्धा तास नुसतं बसता येतं, कुणी उठवत नाही. ही ठिकाणं कुटुंबं घाईत टाळतात. एकट्याला मात्र ती मनसोक्त बघता येतात.

उन्हाचा त्रास ओळखायला दुसरा माणूस नसतो, म्हणून खुणा स्वतःच लक्षात ठेवा. डोकं ठणकणं, घाम एकाएकी थांबणं, साध्या गोष्टीवर चिडचिड, तहान नसूनही तोंड कोरडं. यातलं काहीही जाणवलं तर सावलीत जा आणि चारही पार्कमध्ये असलेल्या फर्स्ट एड केंद्रात पोहोचा. तिथे परिचारिका असतात. पट्टी, डोकेदुखीची साधी गोळी आणि पडायला खाट मिळते, त्याचे पैसे घेत नाहीत. प्रकृती जास्त बिघडतेय असं वाटलं तर कुठल्याही कर्मचाऱ्याला थांबवा किंवा थेट ९११ लावा. ‘थोड्या वेळाने बरं वाटेल’ म्हणून एकट्याने रांगेत उभं राहू नका.

सावधान: खोलीवर गेल्यावर गजर लावा. न लावता आडवे झालेले लोक रात्री नऊला उठतात.

टप्पा १०: संध्याकाळ आणि परतणं

आतषबाजीसाठी कुटुंबं तासभर आधी जागा धरून बसतात. तुम्हाला एकाच माणसाची जागा लागते, ती पंधरा-वीस मिनिटं आधीही मिळते. मॅजिक किंगडममध्ये किल्ल्याच्या अगदी पायथ्याशी जाऊ नका. मेन स्ट्रीटच्या मध्यावर थोडं मागे उभं राहिलं तर किल्ल्यावरची चित्रं आणि वरचं आकाश दोन्ही एका नजरेत येतात. लहान मुलं मागे असतील तर त्यांना पुढे घ्या, तुम्हाला त्यांच्या डोक्यावरून दिसतं.

संपल्या संपल्या गेटकडे धावू नका. त्या वेळी बस, मोनोरेल, बोट, तिन्हींच्या रांगा एकदम फुगतात. मेन स्ट्रीटवरची दुकानं पार्क बंद झाल्यावरही काही वेळ उघडी असतात. अर्धा-पाऊण तास तिथे काढा, किंवा पार्क बंद व्हायच्या आधी शेवटच्या पाच मिनिटांत एखाद्या मोठ्या राइडच्या रांगेत शिरा. शिरलेल्या माणसाला राइड मिळते, आणि बाहेर येईपर्यंत निम्मी गर्दी गेलेली असते.

तपासा: रात्री खोलीवर पोहोचल्याचा निरोप कुणाला तरी रोज पाठवायचा ठरवला आहे का? वेळ ठरवून ठेवा. निरोप आला नाही तर त्या माणसाने कुणाला फोन करायचा, तो हॉटेलचा क्रमांकही त्याच्याकडे द्या.

टप्पा ११: तिकिटाशिवायचा दिवस

हा दिवस दुसऱ्या आणि तिसऱ्या पार्कच्या मध्ये टाका, शेवटी नको. डिस्नेच्या हॉटेलांचे आवार, डिस्ने स्प्रिंग्जची दुकानं आणि त्यांच्यामधली वाहतूक यांना तिकीट लागत नाही. मोनोरेलने तिन्ही हॉटेलांची फेरी करा, पॉलिनेशियनच्या किनाऱ्यावर बसा, दुपारी अॅनिमल किंगडम लॉजला जाऊन प्राणी बघा.

यात अडचण एकच. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलाला थेट बस नसते. आधी डिस्ने स्प्रिंग्जला किंवा एखाद्या पार्कच्या बसथांब्यावर यायचं आणि तिथून दुसरी बस घ्यायची. त्यामुळे एका दिवसात दोनच ठिकाणं ठरवा. वॉटर पार्कचा विचार असेल तर पैसे, फोन, किल्ली ठेवायला भाड्याचं लॉकर आधी घ्या आणि मगच पाण्याकडे वळा.

टप्पा १२: निघायचा दिवस

खोली अकराला सोडावी लागते. सामान हॉटेलातल्या बेल सर्व्हिसेसकडे द्या, ते दिवसभर सांभाळतात. पावती फोनच्या फोटोत आणि पाकिटात अशी दोन ठिकाणी ठेवा. पार्कचं तिकीट उरलं असेल तर या दिवशीही लवकरचा अर्धा तास मिळतो. आवडलेली एकच राइड पुन्हा करा आणि बाहेर पडा.

कॅब किंवा शटल आदल्या रात्री नक्की करा. विमानतळावर किमान तीन तास आधी पोहोचायचं धरलं तर पार्कमधून निघायची वेळ त्याच्याही दोन-अडीच तास आधीची असते. मधल्या वेळात हॉटेलवर परतणं, सामान घेणं आणि रस्त्यावरचा खोळंबा, तिन्ही मोजा. खोलीच्या खात्यावर मॅजिकबँडने केलेला खर्च निघण्याआधी अॅपमध्ये ओळ न् ओळ वाचा. चुकलेली रक्कम काउंटरवर उभं राहून पाच मिनिटांत दुरुस्त होते. घरी पोहोचल्यावर त्याच कामासाठी फोनवर ताटकळावं लागतं.